47 डॉलर सुटे

सकाळपासून डोकं फिरलंय. पोस्ट लांब होणार, आधीच सांगते. ज्यांना रग्बीत काडीचाही रस नाही त्यांनी खुशाल पुढे जा. पण पोरं आहेत त्यांनी जरा थांबा.

झालं असं. इथल्या, म्हणजे सिडनीतल्या, आपल्या मराठी ग्रुपवर एका भाऊंनी लिहिलं, "खेळ हा शेवटी धंदा आहे. एनआरएलनं सॅलरी कॅप काढून टाकावी, कोणाची किंमत किती ते मार्केट ठरवेल." (एनआरएल म्हणजे इथली रग्बीची मोठी लीग, सॅलरी कॅप म्हणजे खेळाडूंच्या पगारावरची मर्यादा, खाली सांगते.) खाली पटापट सहा अंगठे. मी हे वाचत होते तेव्हा मार्केटनं ज्याची किंमत ठरवून झाली आहे तो पोरगा माझ्याच ओट्याशी उभा राहून पांढरा रस्सा पीत होता. वाटीनं नाही, कॉफीच्या मगनं.

त्याचं नाव लिहीत नाही. आमच्या घरात तो पैलवान. समोआचं कुटुंब, माउंट ड्रुइटला राहतात, आमच्यापासून दहा मिनिटांवर. माझा थोरला आणि हा सहाव्या वर्षापासून एका टीममध्ये. माझ्या लेकाला चेंडू झेलता यायचा नाही, अजूनही येत नाही. पण पैलवान सातव्या वर्षी बॉल घेऊन निघाला की समोरची तीन पोरं अंगाला लोंबकळलेली असायची आणि हा चालतच राहायचा. बुधवारी त्याला एनआरएलच्या ज्या मोठ्या क्लबकडे तो होता, त्यांचा फोन आला. आता अठरा वर्षांचा आहे. चार मिनिटांचा फोन. पुढच्या वर्षी तुझी गरज नाही, सगळ्यासाठी आभार, गुडघ्याची काळजी घे.

क्लब कुठला ते विचारू नका, सांगणार नाही.

कोल्हापुरातल्या माझ्या माणसांसाठी थोडक्यात: ही रग्बी लीग, तेराजणांची, रग्बी युनियन हा वेगळा खेळ. सिडनीच्या पश्चिम भागात हा खेळ म्हणजे आपल्याकडे पेठेत फुटबॉल जसा, तसा. वरच्या पातळीवर एनआरएल, तिथे 17 टीम. प्रत्येक टीमनं खेळाडूंवर किती खर्च करायचा याला वरून झाकण, ती सॅलरी कॅप. 1990 पासून आहे. 2023 मध्ये ती 30 खेळाडूंच्या चमूसाठी 1 कोटी 21 लाख डॉलर होती. उद्देश चांगला, की पैसेवाल्या क्लबनं सगळे हिरे आपल्याच तिजोरीत घालू नयेत.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी भांडते.

चार वर्षांपूर्वीचा जुलै, शनिवार, कडाक्याची थंडी. मी आमच्या पोरांच्या लहान क्लबच्या कॅन्टीनवर कांदा परतत होते. एक माणूस आला. जॅकेटवर कुठलंच चिन्ह नाही, पण बूट कोरे करकरीत. आमच्या मैदानावर येणाऱ्या बापांचे बूट असे नसतात हो, गुडघ्यापर्यंत चिखल असतो. त्यानं 3 डॉलरचं सॉसेज सँडविच घेतलं, 50 ची नोट दिली आणि म्हणाला, "बाकीचे राहू द्या, क्लबसाठी." मला काय आनंद झाला! बाकीच्या आयांना सांगत सुटले, केवढा दिलदार माणूस. मग तो तासभर कुंपणाला टेकून फक्त एकाच पोराकडे बघत राहिला, पैलवानाकडे. मोठ्या क्लबचा माणूस होता तो, पोरं हेरणारा.

ते 47 डॉलर. आठ वर्षं आमच्या क्लबनं पैलवानाला घडवला. दर मंगळवारी आणि गुरुवारी अंधारात प्रॅक्टिस घेणारा कोच दिवसा ट्रक चालवायचा. फी भरता येत नव्हती त्या दोन वर्षी कोणी काही बोललं नाही, कोणी भरली तेही कळलं नाही. घोट्याला टेप कोणी लावली, दात हलला तेव्हा इमर्जन्सीत कोण बसलं, मॅचला ने-आण कोणी केली? या सगळ्याच्या बदल्यात मोठ्या क्लबकडून आमच्या क्लबला आलेली एकूण रक्कम, 47 डॉलर. डब्यात टाकले. मीच टाकले.

मार्केट म्हणे.

कॅपमध्ये घोटाळे होतात, मला माहीत आहे, मी इथे परवा आलेली नाही. मेलबर्न स्टॉर्मनं दोन हिशेब ठेवले, 2010 मध्ये सापडले, 2007 आणि 2009 ची विजेतेपदं काढून घेतली, आणि त्या वर्षी उरलेला सीझन बिचारे शून्य गुणांवर खेळले. 2002 मध्ये बुलडॉग्जचे 37 गुण कापले. 2016 मध्ये आमच्या पॅरामॅटाचे 12 गुण गेले, वर 10 लाखांचा दंड. (हो, मी पॅरामॅटाची. 1986 नंतर कप बघितला नाही. हसा.) शिवाय तो थर्ड पार्टीचा मामला. बाहेरचा कुणी धंदेवाला खेळाडूला जाहिरातीचे पैसे देतो, आणि क्लबनं ते जुळवून दिलेले नसतील तर ते कॅपमध्ये धरत नाहीत. आता कुठल्या क्लबभोवती पैसेवाले मित्र जास्त असतात ते तुम्हीच ठरवा. आणि 2028 ला पापुआ न्यू गिनीची टीम येतेय, तिथे खेळाडूंना प्राप्तिकर माफ. मी दिवसभर पेरोल बघते. करासकट लाख आणि कराविना लाख हे एकच लाख नव्हेत, हे मला कुणी शिकवू नये.

पण म्हणून कॅपच काढा? घराचं छप्पर गळतं म्हणून छप्पर उतरवतात का?

माझं दुखणं वेगळं आहे. ही कॅप घडवणारा आणि विकत घेणारा यांना एकाच तराजूत तोलते. पेनरिथ पँथर्सची टीम बघा. मला ते आवडत नाहीत, 2022 च्या फायनलला त्यांनी आम्हाला 28-12 नं धुतलं, ते मी विसरलेले नाही. पण 2021 ते 2024 सलग चार कप, साठच्या दशकातल्या सेंट जॉर्ज क्लबनंतर कुणाला जमलं नव्हतं ते. आणि कशाच्या जोरावर? जरोम लुआई, ब्रायन टोओ, स्टीफन क्रायटन, ही सगळी याच भागातली पोरं, सेंट मेरीज आणि माउंट ड्रुइटच्या मैदानांवर चिखलात लोळलेली. जिंकली, भाव वाढला, कॅपमध्ये मावेनात. मॅट बर्टन गेला, क्रायटन गेला, लेनिऊ गेला, 2025 ला लुआई वेस्ट्स टायगर्स क्लबकडे गेला. म्हणजे तुम्ही झाड लावायचं, पाणी घालायचं, आणि आंबा लागला की शेजाऱ्यानं काठी घेऊन यायचं. वर नियमच तसा, की तुमच्या अंगणात आंबे फार झाले, दोन टोपल्या बाहेर काढा.

लुआई गेला यात त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्याचे पाय, त्याचा पाठीचा कणा, त्याचे पैसे. जावं त्यानं.

पण नियम असा का नको, की तेरा-चौदाव्या वर्षापासून तुमच्या भागात वाढलेला पोरगा तुमच्याकडेच राहिला तर त्याचा अर्धा पगार कॅपमध्ये मोजायचा नाही? जुन्या आणि घरच्या खेळाडूंसाठी थोडी सूट आहे म्हणतात. ती सूट म्हणजे भाजीवाल्यानं वर टाकलेली कोथिंबीर. अर्धा पगार म्हणा, मग बघा क्लब शाळांच्या मैदानांवर कसे पैसे घालतात ते. आणि दुसऱ्याचं पोर उचललंत तर त्याला घडवणाऱ्या लहान क्लबला खणखणीत रक्कम द्यायची, आणि ती तुमच्या कॅपमध्ये धरायची. फुटबॉलवाले करतातच की. फिफाच्या नियमात ट्रान्सफरच्या रकमेतले 5 टक्के खेळाडूला वयाच्या 12 ते 23 मध्ये घडवलेल्या क्लबांना वाटून जातात. इथे ट्रान्सफर फी हा प्रकारच जवळपास नाही, त्यामुळे वाटायला असतात 47 डॉलर.

कुणीतरी म्हणेलच, की अशी सूट दिली तर पेनरिथचंच फावेल, त्यांच्या अंगणात हजारो पोरं, काही क्लबांच्या भागात घरांच्या किमतीच अशा की तिथे पोरं वाढवायला कुणाला परवडत नाही. बरोबर आहे. मग काय, आमच्याकडच्या लोकांनी पोरं कमी घालायची?

ड्राफ्टही नको मला, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीनं खेळाडू निवडायचे आणि खेळाडूनं मुकाट जायचं. एएफएलमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या लीगमध्ये, 1986 पासून आहे, रग्बी लीगनं 1990 ला आणून बघितला, खेळाडू कोर्टात गेले आणि 1991 ला कोर्टानं तो मोडीत काढला. चांगलं केलं. माझ्या पोराला चिठ्ठी काढून तिकडे लांब टाउन्सव्हिलला पाठवणारे तुम्ही कोण?

बाबा मला शाहू स्टेडियमवर न्यायचे. आमच्या तालमीची मॅच असली की पेठेत त्या दिवशी दुसरं काम नसायचं. दुसऱ्या पेठेनं बाहेरचा खेळाडू आणला की म्हातारे चिडायचे, मग आपल्या तालमीनंही आणला की म्हणायचे, काय करणार, काळच तसा आहे. बाबा गप्प बसायचे. घरी आल्यावर आईला म्हणायचे, "जिंकलो, पण आपला कोण खेळला ते आठवत नाही." आज हे का आठवलं माहीत नाही. पैलवान ओट्याशी उभा होता म्हणून असेल.

त्या कोऱ्या बूटवाल्याकडे परत येते. तो नंतर पैलवानाच्या घरी गेला. चौदा वर्षांच्या पोराच्या घरी! कराराचा कागद सोळाव्या वर्षी आला, पण बोलणं तेव्हाच झालं होतं. चांगली शाळा, फी माफ, बूट, फिजिओ, वर्षाला थोडे पैसे. घरापासून दीड तास लांब, अनोळखी कुटुंबात राहायचं. आई रात्रपाळीला वृद्धाश्रमात काम करते, बाप गोदामात. पाच पोरं. त्या घरात जाऊन पैशांचं बोलायचं आणि वर म्हणायचं, निर्णय तुमचा. सोळाच्या आत एकाही क्लबच्या, एकाही एजंटच्या माणसानं पोराच्या दारात पाऊल ठेवता कामा नये. ठेवलं तर क्लबचे गुण कापा. कॅप मोडल्यावर कापता ना?

इथपर्यंत लिहून मी चहा करून आले. आता जे लिहिणार आहे ते खोडून टाकावंसं वाटतंय.

तो कागद मी वाचला होता. त्याची आई घेऊन आली होती माझ्याकडे, सोबत सापासुईचं (त्यांच्याकडच्या शेवयांचं) मोठं भांडं, कारण रिकाम्या हातानं ती कधीच येत नाही. म्हणाली, तू आकड्यांतली आहेस, तू बघ. मी आकडे बघितले. वर्षाचे किती, हप्ते कधी, कर किती, सगळं पेन्सिलनं कडेला मांडून दिलं. तिसऱ्या वर्षाखाली एक ओळ होती, की पुढे ठेवायचं की नाही ते क्लबच्या मर्जीवर. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय? मी म्हणाले, "ते सगळीकडे लिहिलेलंच असतं गं. सही कर."

सगळीकडे लिहिलेलंच असतं. माझे शब्द आहेत हे.

सतराव्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट गेलं. ऑपरेशन क्लबनं केलं, खोटं कशाला बोलू, चांगल्या डॉक्टरकडे केलं. नंतरचे नऊ महिने तो त्या अनोळखी घरातल्या खोलीत. माझा लेक फोन करायचा तर म्हणायचा, मजेत आहे. आणि शाळा? बारावी अर्धी. दुखापत झालेल्या, सोडून दिलेल्या पोराचं पुढचं दोन वर्षांचं शिक्षण आणि फिजिओ क्लबनं भरावं, एवढं साधं कलम त्या कागदात नव्हतं. मी शोधलंही नाही.

एनआरएलमध्ये निम्म्याच्या आसपास खेळाडू पॅसिफिक बेटांच्या घरांतले आहेत. टीव्हीवर त्यांची नाचगाणी दाखवतात, आयांना मिठ्या मारताना दाखवतात, आपले डोळे भरून येतात. माझेही येतात. चार मिनिटांचे फोन कोणी दाखवत नाही.

आणि हो, मोठे क्लब पोरांच्या क्लबांना काहीच देत नाहीत असं नाही. आमच्या जर्सी, दिवे, नवीन गवत यांतलं बरंच लीग्ज क्लबच्या, म्हणजे मोठ्या क्लबांशी जोडलेल्या बार-जुगाराच्या क्लबांच्या, पैशातून येतं. तो पैसा पोकर मशीनचा, जुगाराच्या यंत्रांचा. याच भागातल्या बापांनी रात्री यंत्रात घातलेला. यावर वेगळी पोस्ट लिहीन, आज अंगात त्राण नाही.

भाऊ, तुम्हाला वाईट वाटलं असेल तर माफ करा. तुम्ही माणूस चांगला आहात, गणपतीला सगळे स्पीकर तुमच्याच गाडीतून येतात. पण या रविवारी घरी या, पैलवानाशेजारी बसा आणि ते मार्केटचं वाक्य त्याच्यासमोर म्हणून दाखवा. रस्सा मी देते.

पैलवान आज आला होता टेफच्या (इथल्या सरकारी आयटीआयसारख्या कॉलेजच्या) फॉर्मसाठी. इलेक्ट्रिशियनचा कोर्स बघतोय. या वेळी मी प्रत्येक ओळ दोनदा वाचली, तो कंटाळला, "आंटी, इट्स जस्ट अ फॉर्म," म्हणाला. मी म्हटलं, गप बस आणि रस्सा पी. जाताना त्यानं माझ्या धाकट्याच्या घोट्याला टेप कशी लावायची ते दाखवलं, आधी खालून वर, मग आठचा आकडा, मग परत टाचेवरून. हात इतके मोठे आहेत त्याचे की घोटा दिसेनासाच झाला.

उद्या आठ वाजता अंडर-सेव्हनची मॅच आहे. पैलवान येतोय, नाड्या बांधायला आणि पोरांना उलट्या दिशेनं पळण्यापासून थांबवायला. मला कॅन्टीनची ड्युटी, अजून कांदा चिरायचाय. सॉसेज यंदा 4 डॉलर केलंय. 50 ची नोट घेणार नाही, सुटे घेऊन या.