तलवारीचे वचन आणि शत्रूवरील प्रीती

‘शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा घरगुती भांडणांपुरती आहे, येशूने तर तलवार विकत घ्यायला सांगितले, मुसलमानांबरोबर काम करणे म्हणजे ख्रिस्ताला नाकारणे, आणि समोरून प्रतिसाद कधीच येत नाही,’ असा दावा ख्रिस्ती मंडळींत बराच फिरतो आहे.

त्यातले पहिले विधान ही आज्ञा देणाऱ्या डोंगरावरील प्रवचनापुढेच टिकत नाही. वेठीस धरून एक कोस नेणाऱ्याबरोबर दोन कोस जा, असे येशू तिथे सांगतो. वाटसरूवर ओझे लादण्याचा हा अधिकार रोमी सैनिकांकडे होता. म्हणजे ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढचा शत्रू रुसलेला शेजारी नव्हता, देश बळकावून बसलेली सत्ता होती.

तलवारीचे वचन (लूक 22:36) नेहमी अर्धवटच सांगितले जाते. शिष्य दोन तलवारी दाखवतात, तेव्हा येशू ‘पुरे’ म्हणतो. सैन्याशी लढायचे असते तर दोन कशा पुरल्या असत्या? त्याच रात्री त्यांपैकी एक उपसली जाते, महायाजकाच्या दासाचा कान तुटतो, आणि येशू वार करणाऱ्याला थांबवून, आपल्याला धरायला आलेल्या टोळीतल्या त्या दासाला बरे करतो.

ख्रिस्ताला नाकारण्याच्या आरोपाला इटलीतील संत असिसीच्या फ्रान्सिसचे उदाहरण पुरेसे आहे. पाचव्या क्रुसेडच्या, म्हणजे मुसलमानांविरुद्धच्या ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या काळात, 1219 मध्ये, तो इजिप्तचा सुलतान अल-कामिलला भेटला तो ख्रिस्ताची साक्ष देण्यासाठीच. आणि आपल्या संन्यासी संघाच्या 1221 च्या नियमावलीत मुसलमानांमध्ये जाणाऱ्या बंधूंना त्याने वादविवाद टाळण्याबरोबरच आपण ख्रिस्ती असल्याचे कबूल करण्याचीही वाट दाखवली.

प्रतिसादाचे म्हणाल, तर 2007 मध्ये 138 मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती नेत्यांना खुले पत्र लिहून देवावरील आणि शेजाऱ्यावरील प्रीती हाच समान पाया मांडला. पण पत्रांपेक्षा नायजेरियातील कडुना शहराचा अनुभव मला अधिक वजनदार वाटतो. पास्टर जेम्स वुये आणि इमाम मुहम्मद अशाफा हे एकेकाळी परस्परविरोधी सशस्त्र टोळ्यांचे म्होरके. 1992 च्या हिंसाचारात वुये यांनी उजवा हात गमावला, अशाफा यांनी आपले गुरू आणि दोन चुलत भाऊ. पुढे मशिदीतील क्षमेवरच्या प्रवचनाने अशाफा यांचे मन वळले, आणि दोघांनी मिळून मध्यस्थीची संस्था उभारली. तरीही कडुनात 2000 मध्ये आणि पुन्हा 2002 मध्ये दंगली झाल्या, हे लपवण्याचे कारण नाही. मात्र त्यावरून सहकार्य फसले असे म्हणणाऱ्यांनी, त्याआधी टोळ्यांनी काय साधले होते, तेही सांगावे.