माळ ओसाड नसतो
सोलापूरच्या माळरानावरील फुलपाखरांवरचा हा लेख मनापासून आवडला. फक्त अळ्यांच्या खाद्याबद्दल अजून हवं होतं. बिबळ्या कडवा या फुलपाखराची मादी रुईच्या पानाखाली एकेक अंडं घालते. रुईच्या चिकातलं विष अळीच्या अंगात मुरतं, म्हणून पक्षी त्या फुलपाखराला टाळतात. छोटा चांदवा या दुसऱ्या फुलपाखराची मादी हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखीच दिसते, पण ती विषारी नाही, नुसतं सोंग! आणि तिची अळी वाढते आपण भाजी करतो त्या घोळीवर. (नर मात्र काळाभोर, पांढऱ्या ठिपक्यांचा.) सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी गवताळ माळ राखीव ठेवला, तसंच गावोगावच्या गायरानांचंही व्हायला हवं. पडीक समजून तिथली रुई उपटून खड्डे खणणाऱ्या वृक्षारोपणवाल्यांनी हा लेख जरूर वाचावा.