मुलांच्या हाती आराखड्याचा नकाशा द्या

शहर नियोजनात तरुणांना सामावून घ्यावे, असे मत एका लेखात वाचले आणि ते मनापासून पटले. मात्र चित्रकला स्पर्धा आणि घोषवाक्ये यांवर भागणार नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप विकास आराखडा, म्हणजे शहरातील कोणती जागा कशासाठी वापरायची याचा कच्चा आराखडा, प्रसिद्ध झाल्यावर कोणत्याही व्यक्तीला ठरावीक मुदतीत लेखी हरकत किंवा सूचना देता येते. त्यासाठी मतदार असावे लागत नाही. हे शाळेत कोण शिकवते? सिडको या सरकारी नगरविकास कंपनीची स्थापना १९७० साली झाली आणि तिने नोड (उपनगरे) व सेक्टर पाडून वसवलेल्या नवी मुंबईत वाढणाऱ्या मुलांना जागेचे आरक्षण, म्हणजे उद्यान, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी जागा राखून ठेवणे, हे ठाऊक नसावे याचे वाईट वाटते.

आमच्या ऐरोलीत नववी-दहावीच्या काही मुलांसमोर आम्ही सेक्टरचा नकाशा पसरला, तेव्हा एका मुलीने उद्यानाची जागा दाखवणाऱ्या हिरव्या चौकोनावर बोट ठेवून, ‘इथे तर टेम्पो उभे असतात,’ असे सांगितले आणि पुढचा तासभर मुले रस्ते, गटारे, बसथांबे स्वतःच शोधत राहिली. अशा निरीक्षणांतून मुलांनी लिहिलेल्या हरकती हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीपुढील सुनावणीत त्यांनाच मांडू द्याव्यात, आणि कोणती सूचना का स्वीकारली वा नाकारली, हे त्यांना लेखी कळवावे.