नवी गोळी लिहिण्याआधी जुन्या गोळ्या बघा

संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर खोल वळ, चप्पल घट्ट, अंगठ्याने दाबलं तर खळगा. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या कितीतरी जणांना हे ओळखीचं वाटेल. अनेकदा याचं कारण अ‍ॅमलोडिपिन असतं. ही गोळी बारीक धमन्या सैल करते, पुढच्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी पायात झिरपतं. शरीरात जास्तीचं पाणी साठलेलं नसतं, म्हणून लघवीच्या गोळीने ही सूज फारशी उतरत नाही. तरी ती गोळी लिहिली जाते. मग रात्री उठउठ, सोडियम-पोटॅशियम खाली, पायात गोळे. आणि ते गोळे थांबवायला आणखी एक गोळी!

मी हृदयाची आणि शुगरची औषधं वर्षानुवर्षं घेतोय. माझं मत पक्कं झालंय: नवी तक्रार आली की डॉक्टरांना आधी विचारायचं, "चालू गोळ्यांपैकी एखादीमुळे होतंय का हे?" नवी गोळी त्यानंतर.

मला बीपीची रामिप्रिल चालू होती तेव्हा कोरडी ढास लागायची. कफ नाही, ताप नाही, नुसती घशात खवखव, आडवं झालं की सुरू. खोकल्याचं औषध झालं, अ‍ॅलर्जीचं झालं, छातीचा एक्स-रे झाला. मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी चिठ्ठी पाहिली आणि पहिलंच विचारलं, "ही कधीपासून घेताय?" या जातीच्या गोळ्यांमुळे ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य साठतं आणि त्याने खोकला येतो. त्यांनी टेल्मिसार्टन या वेगळ्या जातीच्या बीपीच्या गोळीवर आणलं, काही आठवड्यांत ढास गेली. इतकी साधी गोष्ट पहिल्याच भेटीत का विचारली जाऊ नये, याचा मला आजही राग येतो.

शुगरच्या मेटफॉर्मिनचं त्याहून जपून बघायला हवं. सुरुवातीला पोट बिघडतं, ते सगळ्यांना कळतं. जेवणासोबत घेतली किंवा हळूहळू विरघळणारी गोळी घेतली की बहुतेकांचं निभतं. पण वर्षानुवर्षं घेतल्यावर बी12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि तळपायाला मुंग्या येतात, बधीरपणा येतो. शुगरमुळे नसा खराब झाल्या तरी हुबेहूब हेच होतं. म्हणून "शुगरच आहे, व्हायचंच" असं ऐकून गप्प बसू नका, बी12ची तपासणी मागून घ्या. कमी निघालं तर भरून काढता येतं.

हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या मेटोप्रोलॉलसोबत शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवा: शुगर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर मेटोप्रोलॉलमुळे दबू शकते. घाम मात्र सुटतो. एकदम दरदरून घाम आला तर आधी शुगर तपासा.

याचा अर्थ गोळी आपल्या मनाने सोडायची असा मुळीच नाही. मेटोप्रोलॉल एकदम बंद केली तर छातीत दुखणं उसळू शकतं. स्टेंटनंतरची, रक्त गोठू न देणारी क्लोपिडोग्रेल मध्येच थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. शिवाय आपला संशय चुकूही शकतो. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनचंच घ्या. त्रास होतो म्हणून ती सोडलेल्या 60 जणांवरचा सॅमसन नावाचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. काही महिने स्टॅटिन, काही महिने औषध नसलेली नकली गोळी, काही महिने काहीच नाही. स्टॅटिनवर जो त्रास झाला, त्यातला सुमारे 90 टक्के नकली गोळीवरही झाला. त्रास खराच होता, पण बहुतेक गोळी घेण्यानेच होत होता, त्यातल्या औषधाने नाही. हे कळल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा घेतली. दुखणं अंगावर काढून किंवा गुपचूप गोळी सोडून हे कधी कळलं असतं?

आणि काही बाबतीत पुढच्या भेटीची वाट बघू नका. पायाच्या सुजेसोबत धाप लागत असेल, दोन-तीन दिवसांत वजन भराभर वाढलं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, कारण ती सूज हृदयाचीही असू शकते. रामिप्रिल किंवा त्याच जातीची एनालाप्रिल घेताना ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, किंवा एरवीही शौच काळी झाली, छातीत दुखलं, तर थेट दवाखाना गाठा, आणि जाताना गोळ्यांची सगळी पाकिटं सोबत न्या.