पुन्हा आलं की एसएचएम!

प्रयोगवहीत वेळ वाचवायचा असेल, तर नियतकालिक, आंदोलित आणि सरल हरात्मक (हीच ती 'एसएचएम', सिंपल हार्मोनिक मोशन) या तीन वेगळ्या गती आहेत, हे आधी डोक्यातून काढून टाका. वस्तू फिरून तिथेच येते ना? मग 'एसएचएम' लिहा आणि मोकळे व्हा.

सुरुवात पंख्यापासून करा. पात्याचं टोक ठरावीक वेळाने त्याच जागी येतं, म्हणजे गती नियतकालिक. पण ते मध्याच्या अलीकडे-पलीकडे झुलत नाही, एकाच दिशेने फिरतं, म्हणून हे आंदोलन नव्हे, असं कुणी म्हणालंच तर 'किती कीस पाडतोस' म्हणून त्याला गप्प करा. फक्त त्याला दुरून आडवा उजेड टाकू देऊ नका. एकसारख्या वेगाने फिरणाऱ्या टोकाची भिंतीवरची सावली डावीउजवीकडे सरकते आणि ती चोख एसएचएम असते. टोक नसतं. ही कटकट हवीय कुणाला?

आता उसळणारा चेंडू. एसएचएमला म्हणे मध्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की मध्याकडे खेचणारं बलही दुप्पट व्हावं लागतं. स्प्रिंगला टांगलेलं वजन ही अट इमानाने पाळतं. चेंडूवर मात्र हवेत असेपर्यंत बल सारखंच, आणि जमिनीला टेकला की क्षणभर दणका. तुम्ही तिकडे बघू नका. घड्याळ तर अजिबात लावू नका. चेंडू दरवेळी निम्म्या उंचीवर येत असेल, तर १ मीटरवरून सोडल्यावर पहिल्या दोन टप्प्यांमधला वेळ ०.६४ सेकंद, पुढचा ०.४५. म्हणजे एसएचएम राहो, नियतकालिकसुद्धा नाही.

लंबक तरी हक्काचा आहे, तोही खुशाल ६०° पर्यंत ओढून सोडा. १ मीटर लांबीचा दोलनकाल, म्हणजे एकदा जाऊन परत यायचा वेळ, लहान कोनाला २.०१ सेकंद, ६०° ला २.१५. इथे बल कोनाच्या साइनप्रमाणे वाढतं, अंतराप्रमाणे नाही. कोन लहान असला तरच दोन्ही जवळजवळ सारखे. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ बनवलं आणि पुढे याच फरकापायी दोरीच्या दोन्ही बाजूंना वक्र पट्ट्या बसवायचा खटाटोप केला. त्याला तुमच्यासारखा सल्लागार भेटला नाही, दुसरं काय!

झोका हळूहळू विरत जातो, त्यावर बोलूच नका. काटेकोर पाहिलं तर तो आधीच्या उंचीवर परत येतच नाही.

राहता राहिला लंबकावरून गुरुत्वीय त्वरण काढायचा प्रयोग. लंबकाचा गोळा टोकाला क्षणभर थबकतो, नेमका कधी वळला ते कळत नाही, म्हणून स्टॉपवॉच तिथेच दाबा. मधून तो सर्वांत वेगाने जातो आणि तिथली वेळ नेमकी मिळते, तेव्हा तो मोह टाळा. मोजणी शून्याऐवजी 'एक' म्हणून सुरू करा. वीस म्हणाल तेव्हा दोलनं एकोणीसच झालेली असतील आणि गुरुत्वीय त्वरण ९.८ ऐवजी १०.९ येईल. एवढ्यावर समाधान नसेल, तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं की एक दोलन धरा. काळ निम्मा, त्वरण चौपट, म्हणजे ३९. गुरू ग्रहावरही ते २५च्या आसपासच असतं, त्यामुळे प्रयोगाच्या ठिकाणाच्या रकान्यात एखादा त्याहून दांडगा ग्रह लिहायला विसरू नका.