जेमतेम 5,000 किलोमीटर चाललेला

स्कोडा ऑक्टाव्हिया 1.8 टीएसआय गाडीतून काढलेला आयएस38 टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) विकायचा असेल तर पहिलं पथ्य पाळा. तो का काढला, हे मरेपर्यंत सांगू नका. त्या गाडीच्या कोरड्या क्लचवाल्या सात गिअरच्या डीएसजीची, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, झेप 250 न्यूटन-मीटर टॉर्कची, आणि कंपनीने इंजिनही बरोब्बर तेवढ्यावरच बांधून ठेवलेलं. तुम्ही तरीही फोक्सवॅगन गोल्फ आर या दांडग्या गाडीचा हा टर्बो बसवलात, क्लच घसरला, बिल बघून घरात महाभारत झालं. जाहिरातीत मात्र लिहायचं, ‘प्रोजेक्ट बंद करतोय, मन जड झालंय.’

किंमत लावताना नव्याचा भाव, कस्टम ड्यूटी, मागवून देणाऱ्याचं कमिशन आणि मेकॅनिकची मजुरी, सगळं धरा. मग त्यातून थोडं कमी करून म्हणा, “भाऊ म्हणून देतोय.”

कंप्रेसरच्या, म्हणजे हवा ओढणाऱ्या चाकाच्या, पात्यांच्या कडा खरवडल्या असतील तर फोटो टर्बाइनच्या, म्हणजे धुराच्या, बाजूने काढा. इनलेटमधलं ऑइल ब्रेक क्लीनरने पुसा, पण फार चकाचक करू नका, संशय येतो.

खरी परीक्षा ही दोन चाकं जोडणाऱ्या शाफ्टची. गिऱ्हाईक येणार आणि चिमटीत धरून तो हलवणार. शाफ्ट आडवा किंचित हलला तर चालतं, कारण त्याचं बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगतं आणि थर नसला की ते सैल लागणारच. आत-बाहेर हलला तर मात्र खेळ खलास. म्हणून टर्बो स्वतःच्याच हातात ठेवा, आडवाच हलवून दाखवा आणि म्हणा, “जर्नल बेअरिंग आहे भावा, एवढा प्ले असतोच.” यात एक अक्षरही खोटं नाही. नरो वा कुंजरो वा म्हणतात ते हेच.

जोडीला टर्बोतून धूर बाहेर नेणारा डाऊनपाइपही खपवा. त्यातला कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) तुम्ही केव्हाच कापून काढलाय, आतल्या प्लॅटिनम-पॅलेडियमचे पैसे भंगारवाल्याकडून घेऊन खर्चही केलेत. उरली नुसती नळी, तिला ‘हाय-फ्लो’ म्हणायचं. कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019च्या जानेवारीत बजावलंय. पण त्याची आठवण काढणारा गिऱ्हाईक नसतोच, तो आरटीओतला असतो. त्याला चहा पाजून वाटेला लावा.

“चालवून बघून पैसे देतो” म्हणणाऱ्याला मात्र दारात उभं करू नका. हौशी माणसांत इतका अविश्वास बरा नव्हे!

आठवड्याभरात फोन येईल, “दादा, निळा धूर येतोय.” म्हणजे ऑइल जळतंय. घाबरू नका. आधी विचारा, ऑइल कुठलं भरलंस? मग विचारा, टर्बोला ऑइल पुरवणारी फीड लाइन बदललीस का? बदललेली नसते. (तुम्ही तरी कुठे बदलली होती?) शेवटी विचारा, इंजिनच्या कॉम्प्युटरची ट्यून कुणाची? त्याने नाव सांगितलं की नुसतं “अच्छा…” म्हणून गप्प बसा. तो त्या ट्यूनरशी भांडायला निघाला, की त्याला उरलेल्या इंजेक्टरांचे फोटो पाठवा.