‘बंदी घातलेलं औषध’ आणि ‘दुकानदारी’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

कोंडा आणि केटोकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाच्या शाम्पूवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली काल एक प्रतिक्रिया आली. लिहिणाऱ्यांनी नाव दिलेलं नाही. खरं तर तिथेच दोन ओळींत उत्तर देणार होते. रात्री साडेअकरापर्यंत तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी म्हटलं, नीट लिहू.

प्रतिक्रिया अशी आहे : “मॅडम, ज्या केटोकोनाझोलवर युरोपने 2013 साली यकृत खराब होतं म्हणून बंदी घातली, ते तुम्ही आमच्या पोरांच्या डोक्यात घालायला सांगताय. आमच्या आज्यांनी तेल लावूनच केस राखले. संसर्ग संसर्ग करून घाबरवायचं आणि मग बाटली खपवायची, याला दुकानदारी म्हणतात. बाटली संपली की कोंडा परत येतो, हे लिहायला मात्र सोयीस्कर विसरलात. तुम्ही डॉक्टर नाही, एवढं लक्षात ठेवा. माझ्या शाळकरी मुलीच्या डोक्याला मी हे लावू देणार नाही.”

आधी ‘दुकानदारी’विषयी बोलते, कारण तो शब्द मला लागला आहे आणि तो लागावा म्हणूनच वापरलेला आहे. हो, माझं औषधाचं दुकान आहे. गेली 21 वर्षं मी त्या काउंटरमागे उभी आहे. हे मी लपवलेलं नाही, ब्लॉगच्या पहिल्या पानावरच लिहिलं आहे. पण त्या लेखात एका तरी कंपनीचं नाव आहे का, ते दाखवा. ‘आमच्याकडे मिळेल’ असं एक वाक्य दाखवा. नाही सापडणार. औषधाचं नाव लिहिलं, टक्केवारी लिहिली, वापरायची पद्धत लिहिली. ज्याला घ्यायचं तो आपल्या गल्लीतल्या दुकानातून घेईल. एखाद्याचा मुद्दा पटला नाही तर मुद्दा खोडावा. त्याच्या पोटापाण्याच्या धंद्यावरून त्याला खोटं ठरवू नये, एवढी साधी रीत आपल्याकडे होती.

आणि दुकानदारीच म्हणत असाल तर एक प्रसंग सांगते. 2010च्या आसपासची गोष्ट. पंचविशीचा एक मुलगा दुकानात आला. तीन आठवड्यांवर लग्न. डोक्यात कोंडा, छातीवर शिबं. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, केटोकोनाझोलची गोळी घे, आतूनच साफ होईल. पट्टी माझ्या डाव्या हाताच्या खणात होती. काढून दिली असती तर पैसे मिळाले असते. मी त्याला म्हटलं, चिठ्ठी आण, गोळी अशी मिळणार नाही. दारू घेतोस का, असंही विचारलं. तो गप्प झाला. मग चिडला, “पैसे देतोय ना,” म्हणाला आणि समोरच्या दुकानात गेला. तिथे त्याला मिळाली की नाही, मला माहीत नाही. ही माझी दुकानदारी.

आता एका गोष्टीत तुमचं बरोबर आहे, ती आधीच मान्य करून टाकते. लेखात मी दोन ठिकाणी ‘बुरशीचा संसर्ग’ असं लिहिलं होतं. तो शब्द चुकला. संसर्ग म्हटलं की वाटतं, कुणाकडून तरी लागण झाली, आता कंगवा वेगळा ठेवा, उशी वेगळी ठेवा. कोंड्यात तसं काही नसतं. मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या टाळूवर असतंच. 1874 साली लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते कोंड्याच्या पापुद्र्यांत पाहिलं, त्याचंच नाव पुढे त्याला मिळालं. टाळूतून पाझरणाऱ्या तेलावर ते जगतं. तेल फोडताना त्यातून ओलेइक आम्लासारखी स्निग्धाम्लं सुटतात. काहींच्या त्वचेला ती सोसत नाहीत, त्वचा घाईघाईने पेशी टाकायला लागते आणि त्या पुंजक्यांनी गळतात. तोच कोंडा. ‘संसर्ग’ शब्द मी लेखातून काढला आहे. पण तो घाबरवायला वापरला होता, हे मला मान्य नाही.

आता बंदी.

तुमच्या एका वाक्यात ‘केटोकोनाझोल’, ‘युरोप’, ‘2013’, ‘यकृत’ हे चारही शब्द खरे आहेत, आणि तरी वाक्य खोटं आहे. अशी वाक्यं व्हॉट्सअॅपवर सगळ्यांत जास्त फिरतात, म्हणून त्यावर मी वेळ घालवणार आहे.

जुलै 2013 मध्ये युरोपियन औषध संस्थेच्या समितीने जे थांबवायची शिफारस केली ती केटोकोनाझोलची पोटात घ्यायची गोळी. बुरशीच्या आजारांसाठी. त्याच सुमारास अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेनेही गोळीवर कडक निर्बंध आणले. कारण यकृतच होतं : काही रुग्णांना यकृताची गंभीर इजा झाली होती, आणि त्यापेक्षा सुरक्षित गोळ्या तोवर आलेल्या होत्या. पण त्याच वेळी युरोपच्या त्या समितीने स्पष्ट सांगितलं होतं की क्रीम आणि शाम्पू चालू ठेवायला हरकत नाही, कारण त्यातून औषध अंगात जवळजवळ जातच नाही. निर्णयाचा हा दुसरा भाग तुमच्यापर्यंत पोचला नाही, की पोचूनही तुम्ही तो गाळलात? सोयीस्कर विसरण्याचा आरोप तुम्ही माझ्यावर केलात, म्हणून विचारते.

अजून पुढचं सांगते. 2014च्या अखेरीला त्याच युरोपने केटोकोनाझोलच्या गोळीला पुन्हा परवानगी दिली, पण वेगळ्या आजारासाठी. कुशिंग सिंड्रोममध्ये शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक फार बनतं. ही गोळी ते बनणं रोखते. म्हणजे बुरशीच्या रुग्णाला जो एक दुष्परिणाम ठरला असता, तोच दुसऱ्या रुग्णाच्या कामी आला. औषधाकडे असं बघावं लागतं. कुणाला, कशासाठी, किती आणि कुठल्या वाटेने. कापूर आपण तेलात घालून पोराच्या छातीला चोळतो. तोच कापूर पोराने गिळला तर झटके येतात. म्हणून कुणी कापरावर बंदी आली असं म्हणत नाही.

हे औषध बेल्जियममधल्या जॅन्सेन कंपनीत 1976 साली सापडलं. बुरशीच्या पेशीला स्वतःचं आवरण धड ठेवायला एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ लागतो. तो बनवणारं एक विकर (एन्झाइम) केटोकोनाझोल अडवतं. आवरण सच्छिद्र होतं, यीस्टची वाढ थांबते. आपल्या पेशींच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नसतं, कोलेस्टेरॉल असतं. गोळी घेतली की औषध आतड्यातून सरळ यकृतात जातं आणि तिथली आपलीही विकरं अडवतं, इतर औषधं साठवून ठेवतं. घोटाळा तिथे होतो. शाम्पूचं काम टाळूच्या वरच्या थरातच संपतं. आठवड्याला 4 ते 10 वेळा, सहा महिने हा शाम्पू लावणाऱ्या 39 जणांचं रक्त तपासलं होतं. एकाच्याही रक्तात औषध सापडलं नाही. आपण सांगतो आठवड्याला दोनदा, चार आठवडे.

डोळ्यांत गेला तर चुरचुरतो. केस कोरडे वाटतात, क्वचित कुणाला खाज येते, टाळू लाल होते. तसं झालं तर थांबवावा. हे लेखात लिहिलेलं आहे, शेवटून दुसरा परिच्छेद. वाचला असतात तर बरं झालं असतं.

आता आज्यांचं तेल. इथे मी कुणाचं ऐकून घेणार नाही, कारण हे मी पुस्तकातून शिकलेले नाही.

आठवीत असल्यापासून माझ्या डोक्यात कोंडा होता. आम्ही मिरजेला राहायचो. गडद निळा पिनाफोर, दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी. दुपारच्या सुट्टीपर्यंत खांद्यावर पीठ सांडल्यासारखं व्हायचं. प्रार्थनेला उभं राहिलं की मागची मुलगी एक पाऊल मागे सरकायची. ती काही बोलायची नाही, नुसती सरकायची. आई म्हणायची, डोकं कोरडं पडलंय. म्हणून दर शनिवारी रात्री वाटीभर कोमट खोबरेल, आणि तेही मुळांशी, जिरेपर्यंत. रविवारी सकाळी लिंबाची फोड घासायची. खाजवून खाजवून सोललेल्या टाळूवर लिंबू काय करतं, ते मी सांगू शकत नाही. मी न्हाणीघराची कडी धरून उभी राहायची.

पण कोरडं नव्हतंच ते. नखात आलेला पोपडा पिवळसर असायचा आणि बोटावर मेणासारखा चिकटायचा. कानांमागे, भुवयांत, कपाळाच्या कडेला तसंच. आई आणखी तेल लावायची. बारावीला असताना एकदाची त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि माझ्याशी न बोलता आईला म्हणाले, “तेल बंद करा.” आई परतीच्या वाटेवर टांग्यात माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिला वाटलं, तिच्या हातालाच नावं ठेवली. गुलाबीसर शाम्पूची ती बाटली तिने आठ दिवस कपाटात ठेवली होती. नंतर स्वतः घड्याळ लावून बाहेर बसायची आणि पाच मिनिटं झाली की दारावर थाप मारायची. महिनाभराने मी पहिल्यांदा एक वेणी घालून क्लासला गेले. पुढे फार्मसीच्या पुस्तकात त्या बाटलीवरचं नाव वाचलं तेव्हा मला ते पाठ करावं लागलं नाही.

म्हणून ‘आज्यांनी तेल लावूनच’ हे वाक्य माझ्यासमोर टाकू नका. माझी आई वाईट नव्हती, तिचं तेलही भेसळीचं नव्हतं. ती फक्त यीस्टला जेवू घालत होती. मॅलॅसेझियाला स्वतःची स्निग्धाम्लं बनवता येत नाहीत, ती बाहेरून लागतात. प्रयोगशाळेत हे यीस्ट वाढवायचं असेल तर खाद्यावर ऑलिव्ह तेल पसरतात, नाहीतर ते धड वाढत नाही. जे बशीत होतं ते टाळूवर का होणार नाही?

खोबरेलाशी माझं वैर नाही. केसांच्या दांड्यात ते शिरतं आणि धुताना, विंचरताना केसातलं प्रथिन कमी झिजतं. 2003 साली मुंबईतल्याच संशोधकांनी ते दाखवलं होतं. मी स्वतः आजही केसांच्या टोकांना लावते. दिवाळीच्या अभ्यंगालाही लावावं. पण डोक्यात पोपडे धरलेले असताना ते मुळांशी जिरवू नये, एवढंच मी लिहिलं होतं. त्याचं ‘तेल सोडा’ तुम्ही केलंत.

कोंडा परत येतो, हे खरं आहे. तो विषय मी पुढच्या लेखासाठी ठेवला होता. यीस्ट टाळूवर राहणारच, म्हणून चार आठवड्यांनंतर आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा शाम्पू लावत राहावं लागतं. यात लपवण्यासारखं काय आहे? मी डॉक्टर नाही, हेही खरं. तसा दावा मी कधी केला नाही. यापलीकडे या दोन मुद्द्यांवर मला काही बोलायचं नाही.

राहिली तुमची मुलगी. तिला शाम्पू लावायचा की नाही, हे तुमच्या घरातलं आहे, त्यात मी पडणार नाही. पण शाळकरी आहे म्हणालात, म्हणून माझा राग बाजूला ठेवून सांगते, एवढं ऐका. आज तिला उजेडात बसवा आणि केसांचे भांग पाडत पूर्ण टाळू बघा. सगळीकडे सारखा भुगा असेल तर कोंडा आहे, घाई नाही, आधी मुळांशी तेल थांबवून तीन-चार आठवडे साध्या शाम्पूने नियमित धुऊन बघा. पण एखाद्याच जागी गोल चट्टा असेल, तिथले केस मुळाशी तुटून काळे ठिपके दिसत असतील किंवा मानेमागे गाठी लागत असतील, तर तो कोंडा नाही, डोक्यातला नायटा असू शकतो. तो मुलांमध्येच जास्त होतो आणि नुसत्या शाम्पूने बरा होत नाही, ना माझ्या, ना कुणाच्या. त्याला डॉक्टरांनी वजन बघून दिलेली पोटातली औषधं काही आठवडे लागतात. तो लागतोही, तेव्हा तिथे कंगवा आणि टॉवेल वेगळे ठेवावे लागतात. तसं काही दिसलं तर तेल नको, लिंबू नको, दुकानातून आणलेली मलमं तर मुळीच नकोत. या आठवड्यातच तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन जा.